सिस्टरांची बैठक

दारू सुटून मला आता सात वर्षं होतील. कशी सुटली, असं कुणी ना कुणी विचारतंच. सोयरे विचारतात, शाळेचे केंद्रप्रमुख विचारतात, शेजारच्या गावातल्या बायका नवऱ्यासाठी विचारायला येतात. पहिली काही वर्षं मी या प्रश्नाचं खोटं उत्तर दिलं. ते कसं दिलं आणि कुणाच्या तोंडावर दिलं, ते लिहून ठेवतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. गाव भोकरदन तालुक्यात, राजूरपासून मोटारसायकलवर वीस मिनिटं. शाळा शेजारच्या गावात. घरी माय, थोरला भाऊ, त्याचं कुटुंब, माझी बायको आणि आमची एक मुलगी. शेती भावाकडं, मोसंबीची बाग आहे, खाऊनपिऊन बरं चाललेलं घर. दारू लागण्यासारखं कुठलंही दुःख मला नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना दारूमागं एखादं दुःख सापडलं की बरं वाटतं. मला आवडायची म्हणून मी पीत होतो. आधी महिन्यातून एकदा ढाब्यावर, मग रोज संध्याकाळी, मग सकाळी शाळेत जायच्या आधी. खडू धरला की हात थरथरायचा, म्हणून मी फळ्यावर पोरांनाच लिहायला लावायचो. तपासणीला आलेले साहेब शेरा लिहून गेले की गुरुजी विद्यार्थ्यांना पुढे आणतात.

एका दुपारी मी शाळेच्या खिचडीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमध्ये पडलो होतो. त्याच दिवशी शाळेत आरोग्य तपासणी होती. उपकेंद्राच्या सिस्टर वजनकाटा घेऊन आल्या, तर वर्गात पोरं गपचूप बसलेली आणि मास्तर नाही. पोरांना माझी सवय झाली होती. कुणी दंगा करत नव्हतं, कुणी सांगायलाही गेलं नव्हतं.

या सिस्टरांना मी वीस वर्षं ओळखत होतो. पंचक्रोशीतल्या प्रत्येक लेकराच्या दंडावर त्यांच्या सुईची खूण होती. माझी मुलगी त्यांच्याच हातावर जन्मली. जीप वेळेवर आली नाही, म्हणून भरदुपारी आमच्या मधल्या घरात त्यांनी बाळंतपण केलं होतं. आमच्याच गावच्या होत्या. बौद्धवाड्यात विहाराला लागून त्यांचं घर होतं. आमच्या घरात त्या वस्तीचं नाव घेऊन कुणी बोलत नसे. नुसतं 'तिकडं' म्हणायचे.

मला जाग आली तेव्हा सिस्टर माझी नाडी धरून बसल्या होत्या. माझ्या शर्टावरची ओकारी त्यांनी पुसून काढली होती.

"गुरुजी, मी वर काही लिहून पाठवणार न्हाई," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मरून राह्यलात, एवढं सांगून ठेवते. माझा मालक असाच गेला. सुरुवात अश्शीच झाल्ती."

मी मान फिरवली.

"रोज पाच वाजता विहारात चार-पाच जणांना घेऊन मी बसते. पिणारेच हायेत सगळे. काही बोलायचं नसतं, डोळे मिटून बसायचं. तुम्ही या. तोंडाला वास येत असला तरी या."

मी गेलो नाही. त्यानंतर बायकोनं मला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. अठ्ठावीस दिवस राहिलो, बाहेर आलो आणि गावची एसटी लागायच्या आत प्यालो. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. मग रक्ताची उलटी झाली आणि जालन्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. डॉक्टर माझ्याशी न बोलता बायकोशी बोलले, यावरून मला काय ते समजलं. घरी आलो तर मायनं राजूरच्या गणपतीला नवस बोलून माझ्या मनगटात गंडा बांधला. तो गंडा बांधलेल्या हातानंच मी चौथ्या दिवशी बाटली उघडली.

विहारात मी पहिल्यांदा गेलो, त्यामागं काही मोठं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मतदान होतं, म्हणून दुकानं बंद होती आणि लपवून ठेवलेलं संपलं होतं. हात कापत होते. घड्याळात पाच वाजले होते. एवढंच.

विहार म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. समोर बुद्धाची मूर्ती, खाली सतरंजी, वर करकरणारा पंखा. बसायला चौघं होते. एक शिंपी, एक बँडमध्ये ढोल वाजवणारा, एक ट्रॅक्टरवाला आणि एक जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेला. मला बघून ढोलवाल्यानं सरकून जागा दिली. कुणी काही विचारलं नाही.

सिस्टरांना लांबलचक उपदेश करता यायचा नाही. जन्मभर बाळंतपणं केलेली बाई, तिला त्याचीच भाषा येत होती. त्या म्हणाल्या, "नाकाच्या शेंड्यापाशी श्वास येतो-जातो, तेवढं बघायचं. आत येऊन राह्यला, बाहेर जाऊन राह्यला. वढायचा न्हाई, दाबायचा न्हाई. आन् तलफ आली की मला हात वर करून सांगायचं."

मी बसल्या बसल्या हात वर केला. दुसरं काही येतच नव्हतं.

"बरं. आता ती कुठं हाये ते बघा. घशात हाये का छातीत?"

"घशात. जबड्यात."

"तलफ म्हंजे कळ असती, गुरुजी. बाईला मी हेच सांगते. कळ आली की तू पळून कुठं जाशील? कळ तुझ्यासंगच येईल. तिच्याजवळ राहा. चढू दे तिला. कितीबी चढली तरी ती उतरती. न उतरणारी कळ मी आजपसोर बघितली न्हाई."

त्या घड्याळ हातात धरून बसल्या. मी दात आवळून बसलो. घामानं सदरा ओला झाला. आता उठून पळावं, असं दहादा वाटलं. मग कधीतरी जबड्यातली ती ओढ सैल पडली. मी डोळे उघडले.

"अकरा मिनिटं," सिस्टर म्हणाल्या. "आता पुन्हा येईल. तिलाबी बघू."

त्या संध्याकाळी चार वेळा आली आणि चार वेळा उतरली. दुसऱ्या दिवशी मी न पिता जाऊन मतदान केलं. दुकानं उघडली तरी मी पाच वाजता विहारात गेलो. लगेच सुटली असं नाही. पहिल्या दोन महिन्यांत तीनदा प्यालो. तिन्ही वेळा सिस्टरांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत की दिलासाही दिला नाही. "बसा," म्हणाल्या. बैठकीच्या आधी त्या पंचशील म्हणायच्या, आम्ही मागून म्हणायचो. पाचवं शील दारूचं. ते म्हणताना ढोलवाल्याचा आवाज दरवेळी खाली जायचा. तो तेव्हा अजून पीत होता.

घरी मी सांगितलं होतं की फिरायला जातो. गावामागच्या बांधावरून वळसा घालून विहाराच्या पाठच्या दारानं आत शिरायचो. पीत होतो तेव्हाही याच बांधावरून लपत जायचो. आता न पिण्यासाठी लपत होतो आणि त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

बातमी फुटायला तीन महिने लागले. भाऊ पार्टीतला माणूस, पंचायतीचं तिकीट मिळवायच्या खटपटीत होता. कुणीतरी त्याला पारावर विचारलं, "काय हो, गुरुजींनी धर्म बदलला म्हणे?" तो तसाच घरी आला. मी पायरीवर बसून पुतण्याच्या वहीला कव्हर घालत होतो.

"तू तिकडं जाऊन बसतो?" त्यानं विचारलं.

"हो."

"काहून?"

"दारू सुटून राह्यली माझी."

"बसायचंच हाये तं राजूरला जा. गणपतीपुढं बस दिवसभर. तिथं काय डोळे मिटता येत न्हाईत का?"

माय आतून आली. रडत होती. "पिऊन आलास तं मी तुझे पाय धुतले, तुझं हागणं-मुतणं काढलं," ती म्हणाली. "पण हे न्हाई सोसायचं मला, बाबा. सोयऱ्यात काय तोंड दाखवू?"

दारूच्या दिवसांत मी कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या पेल्यातून, कुणाच्या मांडीला मांडी लावून प्यालो, याची या घरात कुणी कधी चौकशी केली नव्हती. पिणाऱ्याला जात विचारत नाहीत. सुधारणाऱ्याला विचारतात.

बायको एकटी म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. माणूस जिता राह्यला हे कमी हाये का?" पण तीही हळूच म्हणाली, घरच्यांपुरतं. शेवटी भावानंच तोडगा काढला. जायचं तर जा, पण गावाला दिसता कामा नये. कुणी विचारलं तर फिरायला जातो म्हणायचं. मी हो म्हणालो. बैठक तुटू नये म्हणून हो म्हणालो, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

न पिता वर्ष झालं, तसा मायनं नवस फेडायचा काढला. सकाळी सगळे राजूरला जाऊन आलो. दुपारी अंगणात मांडव घालून जेवण होतं. भावकी, सोयरे, शाळेतले शिक्षक, दीडशे पान सहज. आदल्या दिवशी मी सिस्टरांना आवतण द्यायला गेलो.

"घरी विचारलं का?" त्यांनी विचारलं.

"त्यात विचारायचं काय? तुम्ही आलंच पाहिजे."

मी घरी विचारलेलं नव्हतं.

सिस्टर इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या. माझ्या मुलीसाठी पेनांचा एक संच आणला होता. दारात भावानं त्यांना हात जोडले. "या, या सिस्टर. मांडवात लई गर्दी झाली. इथं निंबाखाली बसा, हवा हाये." प्लास्टिकची खुर्ची गोठ्याच्या भिंतीजवळ मांडून दिली. मांडवात पंगतीला देवळातली स्टीलची ताटं आणली होती. सिस्टरांना थर्माकोलची पत्रावळ आणि कागदी गिलासात पाणी आलं. "तुम्हाला घाई असंल, म्हणून इथंच आणलं," भावजय म्हणाली. सगळं हसून, अदबीनं. आता आमच्याकडं कुणी कुणाला हाकलत नाही. खुर्ची देतात.

मी पंगतीत बुंदी वाढत होतो. मला सगळं दिसलं. निंबापर्यंत वीस पावलं होती. बुंदीचं पातेलं खाली ठेवायचं, एक ताट उचलायचं आणि सिस्टरांशेजारी जाऊन जेवायला बसायचं, एवढंच करायचं होतं. मी पुढच्या पानावर बुंदी वाढली.

मग भावानं माईक घेतला. गणपतीनं आमच्या भावाला मरणाच्या दारातून कसं परत आणलं, मायचा नवस कसा फळाला आला, असं बराच वेळ बोलला. मग म्हणाला, "आता गुरुजींनी दोन शब्द सांगावेत."

माझ्या छातीत राग उसळला. तो अगदी स्पष्ट दिसला मला, कारण वर्षभर मी दुसरं काय शिकलो होतो? मग सिस्टरांनी शिकवलं होतं तेच मी केलं. लक्ष नाकाच्या शेंड्यापाशी नेलं. श्वास आत आला, बाहेर गेला. राग चढला आणि उतरला. मन शांत झालं. त्या शांत मनानं मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "राजूरच्या गणपतीची कृपा, मायचा नवस आणि तुमचे सगळ्यांचे आशीर्वाद."

टाळ्या झाल्या. सिस्टर खाली मान घालून वरणभात कालवत होत्या. पानात काही न टाकता त्या जेवल्या. पत्रावळ हातात घेऊन उठल्या आणि मायला विचारलं, "हे कुठं टाकू?" मायनं उकिरड्याकडं बोट दाखवलं. जाताना माझ्याकडं बघून म्हणाल्या, "येते, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी मी बैठकीच्या तासभर आधी विहारात गेलो. सिस्टर सतरंजी झटकत होत्या. मी म्हणालो, "सिस्टर, काल जे झालं ते मला आवडलं न्हाई. मला लई राग आल्ता."

"मंग?"

"मी श्वास बघितला. राग उतरला."

त्यांनी सतरंजी खाली ठेवली.

"गुरुजी, कळ बाईची स्वतःची असती तवा मी तिला सांगते, सोस. दुसऱ्याची कळ बघत श्वास मोजत बसा, असं मी तुम्हाला कधी शिकवलं?"

मी वाकून सतरंजी अंथरायला लागलो.

"तुमची पोरगी झाली तवाची गोष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "मी पोरीला पुसून, गुंडाळून तुमच्या मायच्या हातात दिलं आन् निघाले. माझा वजनकाटा तुमच्याकडंच राह्यल्ता, म्हणून वाटंतून परत आल्ते. दारातच थांबले. तुमची माय पोरीवर, अंथरुणावर, मी बसले होते त्या जागंवर गोमूत्र शिंपडून राह्यली होती. पोरीचं अंग अजून वाळलं नव्हतं. मी काटा न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी गड्याला धाडून मागवला."

"तुम्ही कधी बोलला न्हाईत."

"कुणाला बोलू? तुम्हाला? तुम्ही तवा ढाब्यावर होते, पेढे वाटत." त्या हसल्या नाहीत. "तरीबी तुम्हाला खिचडीच्या खोलीत बघितलं तवा मी म्हणलं, या म्हणून. मला वाटलं, दारू सुटली की बाकीचंबी सुटंल. ती माझीच चूक."

तेवढ्यात शिंपी आला, बाकीचे आले. सिस्टरांनी पंचशील म्हटलं. त्या दिवशी तासभर मी बसलो होतो, पण एकही श्वास मला दिसला नाही.

घरी जेवताना मी मायला विचारलं. मुलगी सुट्टीला आलेली होती, जालन्याला कॉलेजात शिकत होती. माय भाकरी मोडता मोडता म्हणाली, "शिंपडलं असंल. सगळेच शिंपडायचे तवा. त्यात काय झालं?" मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "मी पडल्या पडल्या बघितलं. मी बाळंतीण, मी काय बोलणार?" इतकी वर्षं तिनंही ते पोटात ठेवलं होतं.

मुलीनं घास तसाच ताटात ठेवला. "आन् काल? काल तं तुम्ही बाळंतीण नव्हते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही माईकवर काय बोललात?"

ती ताट सारून उठली. सुट्टीचे चार दिवस बाकी होते, पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीनं ती जालन्याला निघून गेली. आजही ती माझ्याशी बोलते ते कामापुरतं.

सिस्टरांनी मला बैठकीतून काढलं नाही. काढलं असतं तर माझं सोपं झालं असतं. त्या आधीसारख्याच 'बसा' म्हणायच्या, आधीसारखंच घड्याळ धरून बसायच्या. पण घरचं काही विचारत नव्हत्या. मीही बांधावरूनच जात होतो. एवढं ऐकूनसुद्धा मी पुढच्या दारानं जायला लागलो नाही, हेही लिहायला पाहिजे.

पुढं दोन पावसाळे गेले आणि सिस्टरांच्या गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसता येईना. त्यांची लेक त्यांना जालन्याला घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी विहाराची किल्ली माझ्यापुढं धरली.

"यातले दोघं-तिघं अजून कच्चे हायेत," त्या म्हणाल्या. "बैठक मोडली की ते जातील. त्यात तुम्हीच एक वाचायला-लिहायला, बोलायला बरे. पाच वाजता कुलूप काढायचं आन् बसायचं, एवढंच काम हाये."

ढोलवाला शेजारी उभा होता. त्याला तेव्हा आठ महिने झाले होते न पिता. तो म्हणाला, "घ्या ना गुरुजी. मी झाडलोट करत जाईन."

किल्ली घेतली म्हणजे रोज समोरच्या दारानं जाणं आलं. गावादेखत. भाऊ त्या वर्षी उभा राहणार होता. मी म्हणालो, "शाळेचं काम लई वाढलंय. बघू, काहीतरी करू."

सिस्टरांनी किल्ली शिंप्याकडं दिली. शिंप्यानं महिनाभर बैठक चालवली, मग त्याच्या दुकानात लग्नसराईची गर्दी झाली. कुलूप बंद राहायला लागलं. शिंपी टिकला, कसाबसा. ट्रॅक्टरवाला गाव सोडून गेला. ढोलवाला दिवाळीनंतर प्यायला लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात एका वरातीतून परत येताना रस्त्याच्या कडेला मेला. मयतीला मी गेलो होतो. त्याची बायको मला बघून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही लई दिवस बसल्ते त्यांच्यासंग." माझ्या सुटलेल्या दारूचं मला त्या दिवशी जितकं ओझं झालं तितकं कधी झालं नाही.

त्याच्या वर्षश्राद्धाच्या आसपास तालुक्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. व्यसनमुक्तीवर बोलायला मला उभं केलं. ओळख करून देताना गणपतीचा नवस आलाच. मी माईक घेतला आणि म्हणालो, "हे खोटं आहे. माझी दारू आमच्या गावच्या विहारात सुटली. एका नर्सबाईंनी सोडवली." मग सगळं सांगितलं, पत्रावळीसकट, किल्लीसकट.

झालं काय? काहीच झालं नाही. पुढच्या रांगेतले दोघं मोबाइल बघत होते. चहाच्या सुट्टीत एकजण म्हणाला, छान बोललात, विपश्यना चांगलीच असते, आमचे साहेबही जाऊन आले. भावाच्या कानावर गेलं. तो दोन महिने बोलला नाही, मग बागेला पाणी द्यायची पाळी आली तेव्हा बोलायला लागला. निवडणूक तो आधीच हरला होता, माझ्यामुळं नव्हे. ज्याची इतकी वर्षं धास्ती घेतली त्याची किंमत एवढीशी होती. दोन महिन्यांचा अबोला. त्याच्यासाठी मी सिस्टरांना निंबाखाली बसू दिलं आणि ढोलवाल्याला जाऊ दिलं.

मग मी जालन्याला गेलो. अंबड चौफुलीच्या पुढं सिस्टरांच्या लेकीचं घर आहे. सिस्टर पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या, केस सगळे पांढरे झालेले. मी आलो याचं त्यांना बरं वाटलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. गुडघ्यांचं बोलल्या, उपकेंद्रात आता कोण आहे ते विचारलं. ढोलवाल्याचं त्यांना कळलेलं होतं. मी भाषणाचं सांगितलं, शब्दन् शब्द. त्या ऐकत राहिल्या.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हलकं वाटलं असंल."

"तुमचं नाव राखावं, असं—"

"माझं नाव कुठं गेल्तं, गुरुजी? ते तुमचं तुम्ही तुमच्यासाठी केलं. करा. पण माझ्या दाराशी आणू नका ते." मग लेकीला हाक मारून म्हणाल्या, "गुरुजींची एसटी हाये पाचची, त्यांना उशीर होईल." मी उठलो. वाकून नमस्कार करणार होतो, पण त्यांनी पाय पांघरुणात ओढून घेतले. गुडघे दुखत असतील म्हणून, किंवा मी म्हणून.

मी अजून बसतो. रोज, आमच्या मधल्या घरात, भिंतीला पाठ लावून. दारूची तलफ आता वर्षातून दोनचारदा येते, तिला मी ओळखतो, ती उतरते. मी बसलो की माय पोरांना गप्प करते, माझ्यापुढं उदबत्ती लावते. पाहुणे आले की भाऊ दारातच त्यांना हळू आवाजात सांगतो, "गुरुजी ध्यानाला बसलेत." त्याच्या सांगण्यात कौतुक असतं. कुठून आलं, कुणी दिलं, हे त्यात नसतं. मी डोळे मिटलेले असतात आणि मला सगळं ऐकू येत असतं. आता मी उठून सांगतो. उदबत्ती बाजूला ठेवतो आणि पाहुण्यांना सांगतो की हे मला विहारात एका सिस्टरांनी शिकवलं. पाहुणे मान हलवतात. भाऊ चहा सांगायला आत जातो. माय म्हणते, "झालं का याचं पुन्हा सुरू?"